खाऱ्या वावराची ओल

त्या यंत्राला गावातल्या बायका रेडिओ म्हणत. लाकडी पेटी, गळ्यात अडकवायला चामड्याचा पट्टा, वर काचेखाली एक काटा आणि शून्यापासून शंभरपर्यंत आकडे. पहिल्याच आठवड्यात दोघीतिघींनी विचारलं, "मॅडमबाई, याच्यात गाणे लागतेत का?" मी म्हटलं, "लागतात, पण जमिनीची." या उत्तरावर मीच फार खूश झाले होते. चोविसाव्या वर्षी स्वतःवर खूश व्हायला माणसाला फारसं काही लागत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेतकी कॉलेज संपवून मी आरमोरीच्या बाजूला एका लहानशा संशोधन केंद्रावर नोकरीला लागले होते. माझं माहेर अकोल्याकडचं, खारपाण पट्ट्यातलं. आमच्या विहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. पाहुणा आला की आई आधी विचारायची, पाणी गोडं देऊ की खारं, आणि पाहुण्यानं भिडेखातर 'कोणतंही' म्हटलं की त्याच्या नशिबी खारंच. म्हणून केंद्राच्या साहेबांनी जेव्हा सांगितलं की तलावाखालच्या एका खारवट वावरात प्रयोग करायचाय, तेव्हा मी मनात म्हटलं, खार मला शिकवू नका, मी त्यावरच वाढलेय.

हा धानाचा मुलूख. जुन्या तलावांच्या पाण्यावर बांधीबांधीतून भात पिकतो आणि खाऱ्या जमिनीचं नाव काढलं तर लोक हसतात. पण या एका तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, वर्षानुवर्षं पाणी पाझरून दोन-तीन एकरांत खार फुटला होता. उन्हाळ्यात तिथे जमिनीवर पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसे. गावानं ती जमीन सोडून दिली होती, आणि गावानं सोडलेली म्हणूनच सरकारी वाटपात ती एका मजुराच्या वाट्याला आली. तो तिच्यात दहा वर्षं राबला. तिच्यातून गवतापलीकडे काही न पाहता वारला. मागे राहिली त्याची बायको. साठीच्या आतबाहेरची, काटक, कमी बोलणारी. मी तिला बाई म्हणत असे.

वस्तीतल्या विहारामागे तिचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली नवऱ्याचा एक लहानसा फोटो. एकुलती मुलगी भद्रावतीला दिलेली, जावई तिथल्या कारखान्यात. मुलगी पहिलटकरीण होती आणि चैत्रात बाळंतपणाला येणार होती. बाईचं सगळं बोलणं फिरून फिरून तिथेच येई.

"माया बाळंतपणात रेशनचा गहू होता, लाल, किडे पडलेला," ती एकदा म्हणाली. "तिच्या बापानं तवाच बोलून ठेवलं, पोरीच्या बाळंतपणाले आपल्या वावरातल्या गव्हाचा शिरा करू. त्याच्यानं त झालं नाई. माह्यानं व्हावं एवढंच."

त्या जमिनीत आधीच्या पावसाळ्यात आम्ही जिप्सम टाकलं होतं, हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरून गाडला होता. कार्तिकात अर्ध्या एकरात गहू पेरला आणि तो उगवला. गाव बघायला आलं. पाळीवर उभं राहून लोक तो हिरवा तुकडा पाहत आणि बाई वाफ्यात उगाच तण शोधत बसे. तण फारसं नव्हतं. तिला पाठमोरं बसून हसायचं असे, इतकंच.

माझं काम ओल मोजायचं. त्यासाठी प्लास्टरचे ठोकळे लागत, साबणाच्या चिपेएवढे. आत दोन जाळ्या आणि बाहेर आलेल्या दोन तारा. ते मी माझ्या भाड्याच्या खोलीत ओतून खिडकीत वाळत घातले, तर घरमालकीण दोन दिवस बर्फीची वाट पाहत होती. हे ठोकळे मुळांच्या खोलीवर पुरायचे, तारा वर ठेवायच्या. जमीन ओली असली की ठोकळा ओल पितो आणि त्यातून वीज सहज जाते, काटा वर चढतो. जमीन सुकली की वीज अडते, काटा उतरतो. काटा पन्नासखाली आला की पाणी द्यायचं, हा आमचा नियम. सोपं काम. शहाण्याला पुरेल इतकं सोपं आणि अतिशहाण्याला फसवील इतकंही.

त्यात एक पायरी होती, आणि ती मी गाळली. हे आज लिहितानाही कान गरम होतात. ठोकळे पुरण्याआधी ज्या वावरात ते जायचे तिथलीच माती डब्यात भरून, ती भिजवून, सुकवून, वजन करून कोणत्या ओलीला काटा किती दाखवतो ते ठरवायला हवं होतं. पण त्या आठवड्यात परतीचा पाऊस झालेला, फाट्यापासून वावरापर्यंत गुडघाभर चिखल, आणि मला केंद्रावर परतून टेबलाशी बसायची घाई. मी केंद्राच्या मागच्या अंगणातली चांगली काळी माती डब्यात भरली. प्लास्टरमुळे थोडाफार खार चालतो, असं पुस्तकात वाचलेलं होतं. थोडाफार म्हणजे किती, हे मी स्वतःला विचारलं नाही.

गव्हाची पहिली दोन पाणी ठरल्या दिवशीच दिली होती. तिसऱ्यापासून काट्याचं राज्य होतं. त्या वर्षी तलाव अर्धाच भरला होता, त्यामुळे पौष संपता संपता पाळीवर बैठक होऊन ठरलं की आता पाण्याची एकच पाळी मिळेल, तीही ज्याच्या पिकाला गरज असेल त्याला. मग तलावाचं दार बंद, उरलेलं पाणी ढोरांना. गावाचं पाणी वाटणारा म्हातारा पाणकर बांधावरून फावडं खांद्यावर टाकून फिरे आणि कोणाच्या वावरात पाणी वळवायचं ते सांगे. त्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे. बाईच्या बांधावर मात्र तो थांबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडमबाई, हिचं वावर पाणी मांगते का नाई? तुमची मशीन काय म्हणते?"

साठ वर्षांचा पाणकर मला विचारत होता. मी ऐटीत तारांना चिमटे लावले आणि बटण दाबलं. काटा पंच्याऐंशीवर गेला. दुसरा ठोकळा, ब्याऐंशी. तिसरा, पुन्हा पंच्याऐंशी.

"नाही भाऊ, भरपूर ओल आहे."

बाई खाली बसली. खुरप्यानं वीतभर उकरलं, मूठभर माती घेतली, दाबली आणि माझ्यासमोर मूठ उघडली. मातीचा गोळा झाला नाही, ती बोटांतून सांडली.

"हे ओलं हाय?"

"बाई, वरच्या मातीवर जाऊ नका. खाली ओल आहे."

"खालूनच त काढली वं. अन् गहू पाहा, निळा पडून राह्यला. तहानला म्हणजे तो असा निळा होते."

मी चिडले. चिडले की माझी भाषा पुस्तकी होते, ही जुनी खोड. "सगळं डोळ्यांनी कळत असतं, तर यंत्राची आवश्यकताच काय होती?" असं काहीसं म्हणाले. आवश्यकताच! अर्ध्या एकराच्या बांधावर, अनवाणी उभ्या असलेल्या बाईला.

तिनं माती हातावरून झटकली. "तुमी शिकल्यासवरल्या हा, मॅडमबाई. तुमचं कसं खोटं होईन?" एवढंच म्हणून ती घराकडे निघाली. पाणकरानं क्षणभर तिच्या पाठीकडे पाहिलं, मग फावड्यानं पाटातली माती सरकवून पाणी पुढच्या वावराकडे वळवलं. मी वहीत लिहिलं, 'पाणी आवश्यक नाही', आणि खाली सही केली. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेले. पाळीवरूनच दिसलं की वावर निळसर करडं झालंय आणि घराकडच्या कोपऱ्यातले दोन वाफे तेवढे हिरवेगार आहेत. जवळ गेले तर वाफ्यांच्या कडेला ओल्या मातीत गोल गोल ठसे उमटलेले. गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या बुडाचे. म्हणजे बाई वस्तीतल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून घालत होती. मला आधी काय वाटलं असेल? राग आला. माझ्या प्रयोगात लुडबूड केली, माझ्या काट्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून राग. माणूस किती कोता असू शकतो हे मला पुढे जगात शोधावं लागलं नाही.

त्या हिरव्या वाफ्यांत माझा एक ठोकळा होता. मी चिमटे लावले. काटा साठवर आला.

मी पुन्हा बटण दाबलं. साठच. कोरड्या वाफ्यात गेले, तिथे पंच्याऐंशी. ज्या वाफ्यात रोज पाणी पडतंय तिथे ओल कमी, आणि जिथे थेंब नाही तिथे जास्त! तार तुटली असेल म्हणून तपासली. बॅटरी बदलली. मग खुरपं घेऊन दोन्ही ठोकळे उकरून काढले. हिरव्या वाफ्यातली माती हाताला चिकटली. कोरड्या वाफ्यातली ढेकळं फुटता फुटेनात आणि त्यांच्या भेगांतून पांढऱ्या रेषा गेलेल्या. मी त्यातला एक खडा जिभेवर ठेवला.

आमच्या विहिरीची चव. बरोबर तीच.

मग सगळं एकदम उलगडलं. वीज ओलीतून जाते तशी खारातूनही जाते. पाणी आटत गेलं तसा मागे उरलेला खार दाट होत गेला, ठोकळ्यात शिरला, आणि काटा खारावर चढून बसला. हिरव्या वाफ्यात बाईनं घातलेल्या गोड्या पाण्यानं तोच खार खाली धुऊन नेला म्हणून तिथे काटा उतरला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला ज्या मातीची ओळख करून दिली होती तिची भाषा ते बोलत होतं, आणि ती ओळख करून द्यायचा कंटाळा मी केला होता. खारपाण पट्ट्यातली मुलगी, आणि मिठानंच उताणी पडले. मी तशीच साडीनिशी सरीत बसून राहिले.

भान आलं तशी पाणकराच्या घरी धावले. तो दोरी वळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणाले, हात जोडले. त्यानं मला पाळीवर नेलं आणि दार दाखवलं. पाणी दाराच्या उंबऱ्याखाली हातभर गेलं होतं.

"उघडून देतो, मॅडमबाई, पण येईन कुठून?" तो म्हणाला. त्याला माझ्यावर ओरडता आलं असतं. तो ओरडला नाही, आणि ते जास्त लागलं.

बाईच्या घरी गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. मी दारातूनच बोलायला लागले, काटा, खार, ठोकळे, आणि मध्येच रडू फुटलं. तिनं पाट सरकवला.

"मले माईत होतं, वावर कोल्लं हाय ते," ती म्हणाली.

"मग भांडला का नाहीत माझ्याशी? पाणकरापुढे ओरडायचं होतं! दिलं असतं त्यांनी पाणी."

तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"ह्या वावरात आमच्या दोघांशिवाय कोणी पाय नाई ठेवला कधी. हे गेले, मंग मी एकटीच. तू आली. आठा दिवसाले येते, उन्हात मांडी घालून बसते, लिहून घेते. मले बरं वाटे. म्हटलं, भांडलं त ही पोरगी येणं सोडून देईन."

'मॅडमबाई' गेलं होतं आणि 'तू' आलं होतं, हे मला घरी परतल्यावर लक्षात आलं. तेव्हा फक्त इतकं कळलं की या बाईनं माझ्या येण्यासाठी आपला गहू पणाला लावला होता, आणि मी मात्र यंत्रासाठी येत होते.

त्यानंतर मी एक दिवसाआड जायला लागले. अर्धा एकर जगणं शक्य नव्हतं, दोन वाफे शक्य होते. विहिरीपासून वावर दूर, वाटेत चढ. ती डोक्यावर दोन गुंड घेऊन सरळ चाले, मी एकच बादली घेऊन निम्मी वाटेत सांडत असे. "तू आणते कमी अन् रस्त्याले पाजते जास्त," ती म्हणायची. वस्तीतल्या बायकांना माझी चाल ही रोजची करमणूक झाली. उरलेल्या वावरातल्या ओंब्या बाहेर आल्या त्या पोकळ, बोटानं दाबल्या की चपट्या व्हायच्या. त्यातल्या एखाद्या ओंबीत दाणा लागला की ती मला हाक मारून दाखवायची.

फाल्गुन संपत आला तशी मोहाची फुलं पडायला लागली आणि पहाटेच सगळी वस्ती टोपल्या घेऊन जंगलात जाऊ लागली. कापणीला माणूस मिळेना. नेमके त्याच दिवशी साहेब पाहणीला आले. ते बांधावरून चालत गेले, पोकळ ओंब्या चोळून पाहिल्या, आणि वहीतली तिसऱ्या पाण्याची नोंद वाचून माझ्याकडे वळले. माझी नोकरी तेव्हा वर्षावर्षाच्या हुकमावर चालत होती आणि तो हुकूम त्यांच्याच सहीनं निघे.

"ही नोंद काय आहे? पीक वाळत असताना पाणी दिलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत बाई पुढे झाली.

"साहेब, ह्या पोरीनं त सांगतलं होतं पाणी घे म्हणून. म्याच नाई घेतलं. लेकीकडं गेली होती भद्रावतीले, पाण्याची पाळी चुकली. मायाच गल्ती हाय."

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. नजर साहेबांच्या बुटांवर होती आणि हातातला विळा ती उगाच पदराला पुसत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाली. खरं सांगते, मी दोन क्षण गप्प राहिले. दोन क्षण म्हणजे थोडे नव्हेत. त्या दोन क्षणांत मी माझा पगार, खोली, घरी परत गेल्यावर आईचा चेहरा, सगळं पाहून आले.

मग म्हणाले, "साहेब, त्या कुठेही गेल्या नव्हत्या. पाणी मी नाकारलं. यंत्र या मातीवर तपासून घेतलं नव्हतं. केंद्रामागची माती वापरली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे वहीत लिहा," ते म्हणाले. "जसं सांगितलंत तसंच. आणि या वावरातली दोन पोती माती उद्या केंद्रावर आणा." हुकमाचं काही बोलले नाहीत. जीपकडे जाताना मात्र मागे वळून त्यांनी बाईला नमस्कार केला.

जीप दिसेनाशी झाली तशी बाई माझ्यावर उखडली. सगळ्या हंगामात पहिल्यांदा.

"काऊन बोलली वं? म्या सांगतलं होतं ना त्याले! तुले अजून लय वावरं पाहाची हायत. मायं एकच हाय, त्याले बट्टा लागला त काय फरक पडते?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाई."

"अन् तुले गप राहाता येत नाई," ती म्हणाली आणि कमरेचा दुसरा विळा माझ्या हातात दिला. "आता वाक, अन् काप."

आम्ही दोघींनी कापलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गहू कापत होते, गव्हावर पदवी घेऊन. दुपारपर्यंत हाताला फोड आले. दोन वाफ्यांच्या पेंढ्या जाड झाल्या, बाकी सगळ्या वावराच्या मिळून हलक्या, फुलोऱ्यासारख्या. तिनं जाड पेंढ्या वेगळ्या रचल्या. लेकीसाठी. त्या सातच होत्या.

त्या सातांतली एक तिनं उचलली आणि माझ्यापुढे धरली. धान असो की गहू, कापणाऱ्याला पेंढ्यांतून वाटा द्यायची तिकडची रीत. पण तो वीस पेंढ्यांमागे एक असा, आणि इथे दाण्याच्या वीसही भरल्या नव्हत्या.

"मी नाही घेणार," मी मागे सरकले. "माझ्यामुळे तर हे असं झालं. सहा पेंढ्यांत काय होणार बाळंतपणाचं? लेकीसाठी राहू द्या."

"तिचं कसं करायचं ते मी पाहीन."

"बाई, खरंच नको."

"पाहा पोरी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बापाच्या वावरातला पहिला गहू हाय हा. कापणाऱ्याचा वाटा मारून ठेवलेला दाणा मी माया लेकीच्या तोंडात नाई घालत."

मी पदर पसरला.